हळदीच्या अंगानं पाण्यात

आमच्या वाडीत सकाळी कुणी भेटलं की पहिला सवाल असायचा, "वारं कसं हाय?" तब्येत, पोरंबाळं, गुरंढोरं सगळं त्याच्यानंतर. कारण वाडीच्या खाली धरणाचं पाणी, पाण्याच्या पलीकडे निम्मे सोयरे, आणि मधे रस्ता म्हणून काही नाही. रानातून वळसा घालून पायी जायचं तर दिवस मोडायचा. होडीनं गेलं तर चुलीवर ठेवलेला भात उतरायच्या आत माणूस पलीकडे. पण ते वाऱ्याची मर्जी असली तर. नगरकडच्या लोकांना हे सांगितलं की हसतात. त्यांना नगर जिल्हा म्हणजे भिंगारची छावणी आणि केडगावापुढची कोरडी रानं. नगर जिल्ह्यात लाटा कुठल्या, म्हणतात. मी सांगतो, अकोले तालुक्याच्या डोंगरात लाटा होत्या, आणि त्या लाटांनी माझं लग्न मोडायला काही कमी केलं नाही.

ही गोष्ट माझी बायको हौसा सांगायची. मी शेजारी बसून "हां, हां" एवढंच म्हणायचो. आता ती गेली. परवा नातवानं विचारलं, आजोबा, ती होडीची गोष्ट सांगा. तोंड उघडलं तर आवाज फुटेना. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत. काना-मात्रा नातसून नीट करते. बाकी जे आहे ते असं आहे.

आमचं घर कारवीच्या कुडाचं, शेणमातीनं लिंपलेलं, वर गवताचं छप्पर. दाराच्या तोंडाशी पाणी नव्हे, पण ऐकू येईल इतकं जवळ. वारं पडलेलं असलं की पाणी काठाला नुसतं चाटायचं, मांजर दूध पितं तसा आवाज. वारं उठलं की थापट्या. आई चुलीपाशी नाचणीची भाकर थापत असायची आणि खाली पाणी काठाला थापत असायचं, दोन्ही आवाज एकात एक मिसळायचे. भाकरीबरोबर खुरासणीची चटणी, नाहीतर हुलग्याचं पाणीदार कालवण. कोकणातली माणसं घाट चढून सुके बोंबील घेऊन यायची, त्यांना आम्ही तांदूळ द्यायचो. बोंबील निखाऱ्यावर भाजला की सगळ्या वाडीला कळायचं, कुणाकडे कोकणी आला. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, साखर तर कुणी पाहिलीच नव्हती. पण आम्हाला साखर आधीही ठाऊक नव्हती, त्यामुळे तिचं काही वाटलं नाही.

बा, म्हणजे माझा बाप, होडी चालवायचा. बाजाराच्या दिवशी पलीकडची माणसं अलीकडे आणायची, संध्याकाळी परत सोडायची. मिसरूड फुटायच्या आत वल्हं माझ्या हातात आलं. आणि एक सांगतो, मला त्या पाण्याचा नाद लागला. इतका की भाकर खातानासुद्धा मी तोंड पश्चिमेला करून बसायचो. पश्चिमेला घाटघर, तिथे डोंगर एकदम तुटतो आणि खाली कोकण. समुद्रावरचं वारं कोकण ओलांडून येतं, त्या कड्याला आपटतं, कड्यावरून वर चढतं आणि आमच्या पाण्यावर उडी टाकतं. त्याला आम्ही कोकणी वारं म्हणायचो. दुसरं गडाचं वारं. ते रतनगडाच्या घळीतून खाली यायचं, कुणी मागून ढकलावं तसं. आलं की आलं, गेलं की गेलं. सकाळचं पाणी आरशासारखं, त्यात गड उलटा दिसायचा. मग ऊन चढलं की कुठेतरी मधेच पाण्यावर काटा यायचा, अंगावर येतो तसा. तो काटा आपल्याकडे सरकायला लागला की समजायचं, आता थोड्या वेळात लाटा. त्या वेळी पाठीतून माझ्या एक कळ जायची, भीतीची नव्हे. बैलांच्या शर्यतीत बैल सुटायच्या आधी होतं तसं काहीतरी.

मी हौसाला सांगायचो, कोकणी वाऱ्याला समुद्राचा वास येतो, खारट. ती म्हणायची, "तुमच्या होडीत बोंबलाच्या पाट्या ठिवतात, त्येचा वास हाय तो. समिंदर कशाला हितवर येतोय." जन्मभर हे भांडण मिटलं नाही. आता मिटलं म्हणायचं, पण मी जिंकलो असं काही वाटत नाही.

हौसा पलीकडची, गडाच्या पायथ्याच्या वाडीतली. तिच्या घराचा धूर आमच्या अंगणातून दिसायचा. तो धूर सरळ वर गेला तर पाणी शांत, पूर्वेला झुकला तर कोकणी वारं सुरू झालं, आणि जमिनीला घासत गेला तर होडी काढायची नाही. म्हणजे तिला बघायच्या आधी मी तिच्या चुलीचा धूर पुष्कळ बघितला होता. बघायला गेलो तेव्हा तिनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि मान वर न करता गेली. मी पाणी प्यायलो. लग्न ठरलं. वैशाखातला शेवटचा मुहूर्त धरला, भर दुपारचा. तो हुकला की पुढे पाऊस. पावसाळ्यात आमचं पाणी बंद, होडी उलटी करून गवताखाली घालायची. म्हणजे दिवाळीनंतरचं बघायचं. आणि तिच्या बापाकडे राजूरच्या बाजूचं दुसरं स्थळ येऊन गेलेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीपर्यंत पोरगी कोण ठेवतो.

लग्नाला मुंबईहून धोंडूमामा आला, आईचा भाऊ. आधी धक्क्यावर हमाल होता, मग मचव्यावर खलाशी झाला. कोकण किनाऱ्यानं खाली-वर जायचा, नारळ, कौलं घेऊन. अंगात जाळीचा बनियन, तोंडात विडी, आणि बोलणं सगळं समुद्राचं. ओट्यावर बसून तो सांगायचा आणि वाडी तोंड उघडं टाकून ऐकायची. "समिंदराचं कसं हाय," तो म्हणायचा, "त्यो सांगून येतो. लाट लांबून दिसती, आपुन तयारीत ऱ्हातो. एक लाट गेली की दुसरी यायपातूर विडी वढून व्हती. दुपारच्याला वारं समिंदराकडून, रातच्याला जमिनीकडून. सासू-सुनंच्या पाळ्या लागल्यावानी. आन हे तुमचं काय, परातीतलं पानी." मला राग आला. पण ऐकायलाही आवडायचं. मचव्यावर शीड कसं फिरवतात, आडवी लाट अंगावर कशी घ्यायची नाही, हे मी त्याला खोदून खोदून विचारलं. रात्री झोपेत मी मचवा चालवायचो.

हळद लागली आणि माझं पाणी तुटलं. आमच्याकडे हळदीच्या अंगाच्या नवऱ्यानं पाण्याला शिवायचं नाही. पाण्यात साती आसरा असतात, सात बहिणी. पिवळं अंग त्यांना दिसलं की त्या ओढून नेतात, असं मानायचे. म्हणून हातात लिंबू टोचलेली कट्यार, अंगावर घोंगडी, आणि पलीकडे जाईपर्यंत होडीच्या मधोमध गप्प बसून राहायचं. वल्हं धरायचं नाही, पाण्याकडे बघायचं नाही, वाटेत बोलायचं नाही. नवऱ्याला पार करायचा मान मामाचा. म्हणजे सुकाणूचं वल्हं धोंडूमामाकडे. आई मला दहा वेळा बजावून गेली, "किसना, तू आज खलाशी न्हाईस. तू आज नवरदेव हायेस. तोंड दाबून बस."

पहाटेच निघायचं ठरलं होतं. दोन होड्या काठाला तयार, एक आमची, एक शेजारच्या वाडीतली. पाणी असं पडलेलं की थुंकलं तरी वर्तुळ पलीकडे जाईल. आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. माझे आतोबा, आत्याचे मालक, पुढच्या होडीत जागा मागायला लागले. पुढच्या होडीत नवरा, मामा, करवल्या. बा म्हणाला, "दाजी, तुमी माज्याबरूबर मागच्या हुडीत बसा, ऐसपैस."

"मागच्या हुडीत?" आतोबा म्हणाले. "मी काय वाजंत्री हाय व्हय? मागनं यायला?"

वाजंत्रीवाल्यांना ते लागलं. संबळवाल्यानं संबळ खाली ठेवला. आत्या रडायला लागली. बा आतोबांच्या टोपीवरचा नसलेला कचरा झटकत विनवायला लागला. आतोबा एका दगडावर पाठ करून बसले. या सगळ्यात ऊन गडावरून उतरून पाण्यावर आलं. मी घोंगडीतून पश्चिमेकडे बघत होतो. घाटघरच्या तोंडाशी कड्याच्या काठावर पांढरं, पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी बसलेलं होतं. ते तिथे बसलं की कोकणी वारं दुपारची वाट बघत नाही. मी आईला खुणेनं दाखवलं. आईनं माझं तोंड पदरानं फिरवलं.

शेवटी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की दोन्ही होड्या शेजारी-शेजारी बांधाव्यात. म्हणजे पुढची नाही, मागची नाही. सगळ्यांना पटलं. मामालाही पटलं, कारण बंदरात होड्या अशा बांधतात, तो म्हणाला. पुढे एक बांबू आडवा, मागे एक आडवा, केकताडाच्या दोरानं जाम आवळले. आणि दोन्हींच्या मधोमध एक फळी टाकली. तीवर आतोबा बसले, एक पाय आमच्या होडीत, एक पाय बाच्या होडीत. त्यांच्यापेक्षा पुढे कुणी नव्हतं आणि मागे कुणी नव्हतं. चेहरा असा खुलला की मलाही हसू आलं. आमच्या होडीत राजूरचा उस्मानचाचा मणेर होता, नवरीचा चुडा भरायला आणलेला. बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन तो म्हणाला, "व्वा दाजी. आता तुमी दोन्ही हुडीचे मालक."

निघालो. संबळ-सनई सुरू झाली. मी घोंगडीखाली. डोळ्यांपुढे फक्त माझे पिवळे पाय आणि होडीच्या तळातलं ओंजळभर पाणी. पण कान उघडे होते. वल्ह्यांचा ताल ऐकू येत होता, दोन्हीकडचा एकसारखा. मग हळूहळू बाच्या बाजूचा ताल जड झाला. आमची उजवी बाजू पश्चिमेला, बाची होडी डावीकडे. म्हणजे वारं आधी आम्हाला लागणार. घोंगडीच्या विणीतून उजव्या कानाला गार लागलं. वैशाखात, ऊन डोक्यावर येत असताना, गार. तळातलं पाणी डावीकडे सरकलं, परत आलं नाही. आणि दोन्ही होड्यांची लाकडं एकमेकींना लागली, टक्. थोड्या वेळानं परत, टक् टक्.

"मामा," मी घोंगडीतूनच म्हणालो, "वारं आलंय. हुडीचं त्वांड जरा वाऱ्याकडं घ्या."

"नवऱ्यानं बोलायचं नसतं," आई म्हणाली.

"आलं तर येऊ द्या," मामा म्हणाला. "समिंदरावर याच्या धा पट घेतलंय."

खोटं नव्हतं ते. पण समुद्राची लाट लांब, आमची आखूड. समुद्राची लाट होडीला उचलून ठेवते, आमची खालून गुद्दे मारते, एकावर एक, मधे श्वास घ्यायला जागा नाही. आणि बांधलेल्या दोन होड्यांना एकच लाट एका वेळी मिळत नाही. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. मधल्या फटीतून पाणी कारंज्यासारखं उडायला लागलं, पहिला फवारा थेट आतोबांच्या धोतरात. संबळ थांबला. बायकांनी आसरांची नावं घ्यायला सुरुवात केली. उस्मानचाचा पेटी छातीशी धरून म्हणाला, "धोंडू, ही परात कुनाची रं?" मामाचं वल्हं ताल सोडून पाण्यावर आपटायला लागलं. त्यावरून मी ओळखलं, होडी त्याच्या हातात राहिलेली नाही.

मग पुढचा बांबू सुटला. त्याचा आवाज मी अजून ऐकतो, कुणी वाळका ऊस मोडावा तसा. होड्यांची पुढची तोंडं एकमेकींपासून लांब गेली, मागचा दोर मात्र धरून राहिला, कात्री उघडावी तसं झालं. पुढची लाट त्या कात्रीत घुसली. फळी तिरकी झाली, आतोबा दोन्ही होड्यांच्या मधे ताणले गेले. मी घोंगडी टाकली. आई ओरडली असावी. मला दिसलं ते एवढंच की मागचा दोर ताणून तारेसारखा झालाय, आणि तो आपणहून तुटला तर आमची होडी गिरकी घेऊन आडवी पडेल. आपण तोडला तर निदान कधी तुटला ते आपल्याला ठाऊक राहील.

"आतोबा," मी म्हणालो, "कोन्त्या हुडीत बसायचं ते आता ठरवा."

माणसानं मान बघितला नाही, अपमान बघितला नाही, सरळ आमच्या होडीत उस्मानचाचाच्या अंगावर उडी मारली. मी कट्यारीचं लिंबू उपटून टाकलं आणि दोर कापायला लागलो. केकताडाचा ओला दोर काही लवकर कापत नाही. लाट हातावरून, छातीवरून जात होती, हळद धुऊन पाण्यात चालली होती, पिवळी रेघ दिसत होती. दोर सुटला. बाची होडी डावीकडे पडली आणि सावरली. बा तिकडून नुसता हात वर करून दाखवत होता, मी ठीक आहे म्हणून.

मी मामाकडे वळलो. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. भ्यालेला नव्हता, पण गोंधळला होता, ओळखीच्या माणसानं शिवी दिल्यावर होतो तसा. त्यानं वल्हं माझ्या हातात दिलं. "घे," म्हणाला. "तुजं पानी हाय."

सरळ समोर जाणं शक्य नव्हतं. लाट उजव्या कुशीत बसत होती, अजून एक मोठी आली असती तर संपलो असतो. मी होडीची पाठ वाऱ्याला दिली. पूर्वेला, खाली, पलीकडच्याच काठावरून डोंगराची एक सोंड पाण्यात उतरते, तिच्या आडोशाला खाडीसारखी जागा. पण वैशाखात पाणी उतरलेलं असतं, धरणाखाली बुडालेल्या जुन्या गावठाणाची दगडी गडग्याची भिंत आणि आंब्याचे बुंधे पाण्याच्या वरच्या अंगाला आलेले असतात. त्यातून वाट फक्त होडीवाल्याला ठाऊक. वाऱ्यापुढे पळायचं म्हणजे होडीला लाटेपेक्षा वेग हवा, नाहीतर मागची लाट आत येते. हे मला कुठून ठाऊक? ओट्यावर मामानंच सांगितलेलं. मी त्याला म्हणालो, "मामा, शीड पायजे."

मामानं माझी घोंगडी उचलली, दोन टोकं पायांखाली दाबली, दोन टोकं हातांनी वर ताणली आणि होडीच्या मधे उभा राहिला. घोंगडी फुगली. होडी अशी सुटली की बायकांचं रडणं थांबलं. खरं सांगतो, लग्न, मुहूर्त, आसरा, काही आठवलं नाही मला. लाट मागून यायची, होडीला उचलायची, आणि आम्ही तिच्या पाठीवरून घसरत पुढे. मामा हसत होता, दात दिसत होते. मी "डावं" म्हणालो की तो घोंगडी डावीकडे झुकवायचा, "उजवं" म्हणालो की उजवीकडे. बुंधे आले, गेले. गडग्याची भिंत पाण्याखालून काळी दिसली, होडीचा तळ तिला खर्रकन घासला आणि सुटला. आतोबा म्हणाले, "मी मागच्या हुडीत बसलो असतो तर बरं झालं असतं," आणि या गोंधळातही उस्मानचाचा हसला. सोंड ओलांडली आणि वारं एकदम बंद झालं, दार लावून घ्यावं तसं. आडोशाचं पाणी शांत. होडी गाळात रुतली. थोड्या वेळानं बाची होडीही आली.

पलीकडच्या लोकांना काठावरून दिसलं ते असं, की दोन होड्या एकत्र होत्या, त्या फाकल्या, आणि मग सोंडेमागे दिसेनाशा झाल्या. ते बुडालो असं धरूनच पळत आले. तिचा बाप, तिचे चुलते, तिची आत्या, पोरंटोरं, सगळा मांडव. आम्हाला जिवंत बघून तिच्या बापानं आधी हात जोडले. मग तिच्या आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी कमरेपर्यंत पाण्यात उभा, होडी गाळातून ओढत होतो. अंगावर हळद जागोजाग धुतलेली, बाशिंग कुठे गेलं पत्ता नाही.

"हळदीच्या अंगानं पान्यात," ती म्हणाली. "आसरांनी बघितलं ह्येला. दोर बी तुटलाय. दादा, ह्यो शकून न्हाई. पोरगी द्यायची न्हाई."

"तुटला न्हाई, मी कापला," मी म्हणालो. त्यानं आणखी बिघडलं.

तिचा बाप वाईट माणूस नव्हता. डोक्यावरचं मुंडासं काढून त्यानं हातात घेतलं, परत घातलं. सूर्य कलायला लागला होता, मुहूर्त गेलाच होता. तो माझ्या बाला म्हणाला, "पावनं, वाचलात ही देवाची किरपा. जेवन तयार हाय, जेवा. लगीन आपुन दिवाळीनंतर बघू." बानं मान खाली घातली. आमच्याकडे दिवाळीनंतर बघू म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. आई होडीत बसूनच रडायला लागली. मी परत होडी ओढायला लागलो.

तेवढ्यात बायकांच्या मागून हौसा आली. अंगभर हळद, कोपरापर्यंत, गालांना. तिलाही पाण्याजवळ यायला बंदी, तरी मांडवातून पळत आली होती. पायात काटे गेलेले, ती लंगडत होती. कुणाकडे न बघता ती चिखलातून खाली उतरली, सरळ पाण्यात, गुडघ्यापर्यंत. होडीचं पुढचं टोक तिनं दोन्ही हातांनी धरलं, माझ्या समोर. मग मान मागे वळवून आत्याला म्हणाली, "आता मला बी बघितलं असंल. व्हायचं ते दोगांचं व्हईल." आणि मला हळू, "वढा. मी धरलीय."

मी ओढली. तिनं ढकलली. होडी काठाला लागली. तिची आत्या पदर तोंडाला लावून उभी. बापानं पोरीकडे बघितलं, मग तिच्याभोवती पिवळ्या झालेल्या पाण्याकडे, आणि भटजींना म्हणाला, "गोरज मुहूर्त निगतो का बघा." भटजी राजूरहून पायी आलेले, परत उपाशी जायची त्यांची इच्छा नव्हती. म्हणाले, "काढला."

लग्न लागलं तेव्हा कोकणी वारं अजून जोरात होतं. आमच्यामधला अंतरपाट धरणाऱ्या दोघांच्या हातातून ते असं हिसकत होतं की मंगलाष्टकं निम्मी व्हायच्या आत मी तिला तीन-चार वेळा बघितलं. अक्षता आमच्यावर पडल्याच नाहीत, सगळ्या वाजंत्र्यांच्या अंगावर गेल्या. उस्मानचाचाच्या पेटीतली एकही बांगडी फुटली नव्हती, ते तो प्रत्येकाला सांगत होता. आतोबांना पहिल्या पंगतीत बसवलं. गुळवणी आणि तांदळाची भाकर, मी इतकी खाल्ली की आई डोळे वटारायला लागली. मामा कोपऱ्यात बसून माणसं जमवून सांगत होता, "समिंदर, समिंदर काय करता. माज्या भाच्याचं पानी बघा."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. पाणी पडलेलं, गड उलटा. होड्या सुट्या, एकामागे एक, आणि आतोबा न बोलता मागच्या होडीत जाऊन बसले. हौसा माझ्यासमोर बसली. काठ सुटला तशी तिनं एकदा मागे बघितलं, नाक ओढलं, आणि मला म्हणाली, "द्या हिकडं."

"काय?"

"वल्हं. मला येतंय. माज्या बाच्या डोंग्यात मीच मारायची."

आई म्हणाली, "नवी नवरी वल्हं मारती? लोकं काय म्हनतील?"

"लोकान्ला पल्याड जायचंय न्हवं, आत्याबाई?" ती म्हणाली.

मी वल्हं दिलं. तिनं पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि मारायला लागली. ताल माझ्यापेक्षा सावकाश, पण एकही थेंब उडत नव्हता. मी तिच्यासमोर रिकामा बसलो. आदल्या दिवशीचं घोंगडीतलं बसणं सोडलं तर जन्मात पहिल्यांदा होडीत मला काही काम नव्हतं, आणि माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. मांडीवर ठेवले, काठावर ठेवले, परत मांडीवर घेतले. ती बघून हसली. पुढे आयुष्यभर त्या हातांना तिनं काम लावलं. आता परत तसंच झालंय. बसतो, आणि हात कुठे ठेवायचे ते कळत नाही.